थेंब दचकला तेव्हा

जानेवारीत गुंद गावाला सकाळ उशिराच होते. सूर्य कधीचा वर आलेला असतो, पण जंगल त्याला लवकर खाली सोडत नाही. भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यांत धुकं बसून राहतं, आणि त्या धुक्यात एखादी म्हैस हंबरली तर ती नेमकी कुठं आहे ते समजत नाही. अशा एका सकाळी फुला घरामागच्या कातळावर चटई टाकून बसली होती. मांडीवर लेकीचा फोन होता आणि फोनमध्ये एक पेटलेला थेंब.

फुलाची लेक मयूरी बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत स्फटिक वाढवायची. गावात कुणी विचारलं की म्हादू, म्हणजे मयूरीचा बाप, सांगायचा, "दगुड पिकवती ती." आणि ते फारसं चुकीचं नव्हतं. निकेल आणि आणखी एका धातूचं ऑक्साइड एकत्र खलून, दाबून, भाजून त्यांची पेन्सिलीएवढी काळी कांडी करायची. ती काचेच्या नळीत उभी टांगायची. भोवती झगझगीत दिवे आणि त्यांचा सगळा उजेड एका ठिकाणी आणणारे आरसे. तिथं कांडी वितळते. वरच्या आणि खालच्या तुकड्याच्या मधे वितळलेला थेंब आपला आपण लटकून राहतो, त्याला खालून कशाचा आधार नसतो. कांडी हळूहळू खाली सरकत राहते आणि थेंबाच्या बुडाशी स्फटिक थिजत जातो. तासाला तांदळाच्या एका दाण्याएवढा.

"आणि त्याच्या आत थर असतात, आये," मयूरीनं सांगितलं होतं. "डोळ्याला दिसत न्हाईत इतके बारीक. वीज त्या थरातनं आडवी पळती, पण एका थरातनं दुसऱ्यात उतर म्हटलं की अडती. थर कसे रचायचे हे आपल्या हातात आलं तर विजेला आपल्याला हवं तसं पळवता येईल. वाटेत काही वाया न जाता."

मयूरीला डिसेंबरात कावीळ झाली होती. डॉक्टर महिनाभर विश्रांती घ्या म्हणाले म्हणून ती गुंदला आली होती. ही आरशांची भट्टी चालवणारी माणसं दोनच, मयूरी आणि धारवाडकडचा शिवानंद. कांडी एकदा लावली की चोवीस तास तिच्यावर नजर ठेवावी लागते. तेव्हा दोघांनी असं ठरवलं की शिवानंदनं संध्याकाळी सहाला थेंब पेटवायचा, रात्रभर जागायचं, आणि सकाळी आठपासून तो शेजारच्या खोलीत झोपला की मयूरीनं इथून फोनवर थेंब बघायचा. घरात रेंज नव्हती. कातळावर होती.

आणि नेमकी त्या दिवशी सकाळी मयूरी तापानं फणफणली. तरी शाल गुंडाळून कातळाकडे निघाली. फुलानं तिच्या हातातला फोन काढून घेतला.

"मला सांग काय बगायचं ते."

"अगं, आठ-दहा तास बसायचंय."

"बसंन की. मला दुसरं काय काम हाय?"

काम पुष्कळ होतं. परसात मुडलीचे कंद खणून काढायचे होते, जोयड्याच्या कंदमेळ्याला न्यायचे ते वेगळे निवडायचे होते. पण मयूरीला उभं राहवत नव्हतं. तिनं आईला दाखवलं. थेंब कंबरेत बारीक व्हायला लागला किंवा एका अंगाला कलला, तर या हिरव्या खुणेवर बोट ठेव, शिवानंद उठेल. बाकी कशाला हात लावू नको.

तर फुला बसली.

पहिला तासभर तिला थेंब म्हणजे चुलीतल्या निखाऱ्यासारखा वाटला. मग तसा वाटेना. निखाऱ्यावर राख येते, तो मधेच फुलतो, मधेच मंदावतो. हा तसाच्या तसा. त्याच्या वरचा तुकडा एका बाजूला फिरत होता, खालचा उलट्या बाजूला, आणि थेंब दोघांच्या मधे काहीच न घडल्यासारखा. धुकं उठलं. झाडांचे शेंडे एकेक करून उन्हात आले. ककणेराची, म्हणजे धनेशाची, जोडी डोक्यावरून गेली, तिच्या पंखांचा धाप्प धाप्प आवाज बराच वेळ येत राहिला. फुलानं मान वर केली नाही.

म्हादू मळ्याकडून येताना थांबला.

"कुठवर आलं?"

"पंधरा दाणं झालं असतील," फुला म्हणाली.

"आनि चव?"

"जावा तिकडं."

तो हसत गेला. फुलाला एकटीला बरं वाटलं. इतका वेळ एका जागी ती आयुष्यात कधी बसली नव्हती. लावणीत, काढणीत, रानात हात सतत चालत असायचे. आज हात रिकामे होते आणि डोळेच तेवढे कामावर होते. ऊन सरकलं तशी तिनं चटई सावलीत ओढली. पुन्हा ऊन आलं, पुन्हा ओढली. थेंबाकडे बघता बघता भोवतालचं रान पातळ होत गेलं. पाखरांचे आवाज लांब गेले. मग तिला वाटलं, ती आतच आहे.

आत म्हणजे थेंबाच्या बुडाशी, जिथं दगड थिजत होता तिथं. एक लांबच लांब घर होतं, माळ्यावर माळा, माळ्यावर माळा. छत इतकं खाली की वाकून चालावं लागत होतं. पण चालणं सोपं होतं. पाय टेकवला की पुढं, टेकवला की पुढं, जसं भाताच्या मळीच्या ओल्या चिखलात पाय आपोआप घसरावा. वरच्या माळ्यावर कुणाची तरी पावलं वाजत होती. फुलानं जिना शोधला. जिना कुठंच नव्हता. ती पावलं तिच्या आईची आहेत असं तिला का वाटलं कोण जाणे, आई जाऊन बारा वर्षं झाली होती. "वर ये," असं कुणी म्हणालं नाही, आणि तिनंही हाक मारली नाही. दोघी आपापल्या माळ्यावरून एकाच दिशेनं चालत राहिल्या.

"फुलाक्का, ए फुलाक्का!"

शेजारची कमल पेजेचं भांडं घेऊन कातळावर चढत होती. कमल अंगणवाडीत होती. कामासाठी तिला नवा फोन मिळाला होता, आणि पोरांच्या जेवणाचे फोटो रोज वर पाठवावे लागत असल्यामुळं तिला दिसेल त्याचा फोटो काढायची सवय लागली होती.

"लेकीसारखी शास्त्रज्ञ झालीस की! बघ हिकडं. फोटू काढते."

फुला तिच्याकडं बघणार, एवढ्यात थेंब दचकला.

दुसरा शब्द तिला सुचला नाही, नंतरही नाही. बारीक झाला नाही, कलला नाही. नुसता दचकला, झोपलेल्या लेकराचं अंग मधेच थरकतं तसा. त्याच्यावर एक काळसर कडं उमटलं आणि बुडाकडं गेलं. मग दुसरं. मग तिसरं. मग थेंब आधीसारखा शांत.

"अगं, हे बघ!" फुला म्हणाली.

कमलनं वाकून बघितलं. "काय? दिवा तर हाय."

फुलाचं बोट हिरव्या खुणेच्या वर थांबलं. बारीक झाला तर, कलला तर. दोन्ही झालेलं नव्हतं. तिनं बोट मागं घेतलं.

संध्याकाळी कांडी संपली. शिवानंदनं दिवे मालवले आणि पडदा काळा झाला. फुला घरात आली तेव्हा मयूरी घामानं भिजून पडली होती, ताप उतरत होता.

"झालं का नीट?"

"झालं. मधे एकदा थेंब दचकला."

"पडला न्हाई ना?"

"न्हाई."

"मग होतं तसं कधी कधी," म्हणून मयूरीनं कूस बदलली. फुलानंही तो विषय तिथंच सोडला. खरं सांगायचं तर तिला थोडी शरमच वाटत होती. त्या लांब घरात ती चालत होती, म्हणजे तिला डुलकी लागली होती. लेकीनं एवढं विश्वासानं सोपवलेलं काम, आणि आपण झोपलो. दचकला तो थेंब की आपण, हेही तिला नक्की सांगता आलं नसतं.

महिना झाला, मयूरी बंगळुरूला परत गेली.

एप्रिलमध्ये एका दुपारी तिचा फोन आला. म्हादूनं "कातळावर चल, आवाज तुटतोय" म्हटलं आणि दोघं वर गेली.

मयूरीचा आवाज वेगळा होता, पळत आल्यासारखा.

"आये, ती जानेवारीतली कांडी आठवती? तू बघत होतीस ती?"

"व्हय."

"नळीतनं काढताना तिचे दोन-तीन कपचे उडाले होते. शिवानंदनं ते बाटलीत टाकून ठेवलेले. परवा सहज एक कपचा मोजायला घेतला. थंड करत नेला, तर एका तापमानाला विजेचा अडथळा झपकन खाली आला. तसा यायला नको होता. दुसरे कपचे घेतले, त्यांत काही न्हाई. म्हणजे त्या कांडीत कुठंतरी एका जागी थर वेगळे बसलेत. कुठं ते कळंना. सगळी कांडी कापून बघितली तर संपून जाईल, आणि असली दुसरी न्हाई आमच्याकडं. भट्टीच्या नोंदी बघितल्या, दिवे, दाब, सगळं सरळ. चित्रण साठवायचं होतं, पण त्या दिवशी डिस्क भरलेली होती, काहीच उरलं न्हाई." मग ती थांबली. "तू म्हणाली होतीस, थेंब दचकला. मी ऐकलं न्हाई नीट. आये, तो कवा दचकला?"

फुलानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मयू, त्या दिवशी मी झोपले असंन."

"म्हणजे?"

मग फुलानं सगळं सांगितलं. ते माळ्यांचं घर, वरची पावलं, जिना नसणं. शेजारी म्हादू ऐकत होता, त्याला हे पहिल्यांदाच कळत होतं. सांगून झाल्यावर फुला म्हणाली, "सपनात बगितलेल्यावर तुजी कांडी कापू नको, बाई."

"पण काळी कडी बघितलीस ना? किती?"

"तीन."

"वरनं खाली गेली?"

"बुडाकडं गेली."

पलीकडं मयूरीनं कुणाला तरी कन्नडमध्ये काही सांगितलं. मग म्हणाली, "आये, हे सपनात दिसणारं न्हाई. तू आठव. किती वाजता?"

वेळ फुलानं बघितली नव्हती. पण तिला एवढं आठवत होतं की चटई तिसऱ्यांदा ओढली होती आणि सावलीची कड कातळातल्या त्या चिरेपाशी होती. ती चिरेपाशी जाऊन उभी राहिली. सावली तिथं आत्ताच आली होती.

"आता किती वाजलं?" तिनं म्हादूला विचारलं.

म्हादूनं आभाळाकडं बघितलं, मग झाडाकडं. "तवा पुसाचा महिना होता. आता चैत सरला. ऊन तवाच्या जागी कसं असंल?"

खरंच होतं. झाडही तेच आणि चीरही तीच, पण सूर्य निघून गेला होता. फुला खाली बसली. आपल्याकडं एकच खूण होती आणि तीही फिरली, असं तिला झालं. मयूरी फोनवरच होती. खाली अंगणवाडीतली पोरं सुटल्याचा गलका वर आला.

आणि फुला उठली. "थांब. ठेव तू फोन," म्हणाली आणि उतारावरून जवळजवळ धावतच सुटली.

कमल पातेली घासत होती.

"जानेवारीत माजा फोटू काढलेलास."

"कवा?"

"कातळावर. पेज घेऊन आलीस तवा."

"तो व्हय? तू बघितलंसच न्हाईस माज्याकडं. बिघडला तो. काढून टाकला असंन मी," कमल म्हणाली, पण हात पुसून तिनं फोन घेतला. दोघी उंबऱ्यावर बसल्या. कमल बोटानं वर ढकलत राहिली. ताटं, ताटातल्या उसळी, वजनकाट्यावर रडणारी पोरं, ओळीनं बसलेली पोरं, परत ताटं. मार्च सरला, फेब्रुवारी सरला. फुला एकेक फोटो बघत होती.

"ही बघ. हाय गं."

कातळ होता. चटई होती. चटईवर फुला. तिची मान खाली होती, एक हात थोडा वर उचललेला, तोंड उघडं. आणि डोळे इतके मोठे उघडे, की कमलला हसू आलं. "भूत बघितल्यासारखी दिसतीस."

फुला हसली नाही. ती स्वतःच्याच डोळ्यांकडं बघत होती. जागे होते. त्यांत झोपेचा मागमूस नव्हता. त्या लांब घरातून ती बाहेर आलेली होती आणि नंतरच थेंब दचकला होता.

"हेचा टाइम कळंल का गं?"

कमलनं फोटोवर बोट दाबलं. खाली बारीक अक्षरं आली. दोन वाजून सतरा मिनिटं.

पुढचं गणित मयूरीचं. संध्याकाळी सहाला स्फटिक धरायला सुरुवात झाली, तिथून दुसऱ्या दिवशी दोन सतरापर्यंत वीस तास आणि वर सतरा मिनिटं. म्हणजे वीस दाणे आणि एका दाण्याचा चवथा हिस्सा. हिऱ्याची पूड लावलेल्या तारेनं त्यांनी कांडी त्या जागी कापली. यंत्र मयूरीनं स्वतः चालवलं, हे तिनं नंतर सांगितलं.

पंधरा दिवस काही निरोप आला नाही. फुलानं विचारलं नाही. वळवाच्या आधी मळीची बांधबंदिस्ती करायची होती, ती करत राहिली. मात्र दुपारी जरा टेकली की तिला वाटे, चुकीच्या जागी कापलं असेल तर? मग ती उठून पुन्हा फावडं घ्यायची. म्हादू बघायचा. एकदा फक्त म्हणाला, "तू जे बगितलंस ते सांगितलंस. आनि काय करनार?"

फोन आला तो सकाळी.

"तिथंच हाय, आये," मयूरी म्हणाली, आणि रडायला लागली. मग हसली. मग नीट सांगितलं. बाकी सगळ्या कांडीत थर दोन-दोनच्या जोडीनं बसले होते, जसे बसवायचे होते तसे. पण त्या जागी, जेमतेम अर्ध्या दाण्याएवढ्या लांबीत, ते वेगळेच बसले होते. एक थर, मग तीन थर, मग एक, मग तीन. असं कुणी ठरवून रचलं नव्हतं. आणि वीज तिथंच वेगळी वागत होती.

"कुणी रचलं मग?" फुलानं विचारलं.

"तेच शोधायचंय आता."

फुलानं फोन ठेवला. मग खाली गेली आणि म्हादूसाठी भाकरी थापायला घेतली.

मे महिन्यात मयूरीनं दोघांना बंगळुरूला बोलावलं. म्हादू म्हणाला, "गुरांकडं कोण बगंल?" आणि राहिला. फुला गेली. प्रयोगशाळा तिला वाटली होती तशी चकचकीत नव्हती. जिन्याखाली सायकली होत्या आणि पंपांचा एकसारखा घुमणारा आवाज होता. शिवानंद तिशीचा, अंगानं बारीक, लाजाळू. त्यानं वाकून नमस्कार केला आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "अम्मा, त्या दिवशी मी झोपलो होतो. तुम्ही होता म्हणून."

"तू रातभर जागलेला व्हतास की," फुला म्हणाली.

भट्टी चालू होती. तशी रचना पुन्हा जमवायचा त्यांचा हा सहावा प्रयत्न होता; पाच फुकट गेले होते. काळ्या काचेतून शिवानंदनं थेंब दाखवला. फोनमध्ये बोटाच्या पेराएवढा दिसलेला थेंब खरा तर केवढासा होता, पण त्याचा उजेड काळ्या काचेतूनही कपाळाला लागतो असं तिला वाटलं. तिनं त्याला मनातल्या मनात ओळख दिली.

मग मयूरीनं तिला संगणकापाशी बसवलं.

"हे बघ. मोठ्या सूक्ष्मदर्शकातनं काढलंय. तू सांगितलेल्या जागेचं."

काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके होते. ओळीनं, सारख्या अंतरावर, इकडच्या कडेपासून तिकडच्या कडेपर्यंत. फुला पुढं सरकली. हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. असं तिनं वर्षानुवर्षं बांधावर उभं राहून बघितलं होतं, लावणी झाल्यावर, पाण्यात उभी राहिलेली कोवळी रोपं. एक ओळ, मग मोकळी जागा. तीन ओळी, मग मोकळी जागा. परत एक. तिनं पडद्याला बोट न लावता मोजायला सुरुवात केली.

"एक, तीन. एक, तीन. एक, तीन. एक..." ती थांबली. "हितं दोनच हायत."

"व्हय," मयूरी म्हणाली. "मधे मधे तसं चुकतंय. का चुकतंय ते कळलं न्हाई अजून."

"लावणीला नवी बाई आली की असंच व्हतं," फुला म्हणाली. "पयल्या दिवशी चुकती. मग हात बसतो."

शिवानंदला मयूरीनं कन्नडमध्ये ते सांगितलं. तो मोठ्यानं हसला, आणि मग हसता हसता थांबून पडद्याकडं बघायला लागला.

संध्याकाळच्या गाडीला अजून तास होता. मयूरीनं पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या, दाराशी जाऊन उभी राहिली. "आये, निघायचं ना? रिक्षा मिळत न्हाई मागनं."

"थांब जरा," फुला म्हणाली. ती पडद्याच्या डाव्या कडेला परत गेली होती. "खालच्या ओळी मोजायच्या ऱ्हायल्यात."